युद्ध तिकडे, झळ इकडे: समुद्र आणि आकाशाच्या वाटा अडल्या की सौंसर-पांढुर्ण्यात काय होते



आपल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला समुद्र पाहायचा म्हटला तर आधी नागपूर गाठायचे आणि मग पुढे मुंबईपर्यंत आठशे किलोमीटरच्या आसपास जायचे. त्यामुळे येमेन, सुएझ, होर्मुझ ही नावे बातम्यांत आली की आपल्याला वाटते, हे आपले काम नाही. आपले काम म्हणजे बगीचा, कपाशी, दुकान, नोकरी, मुलांचे शिक्षण.

पण गेल्या काही वर्षांत हीच नावे आपल्या दारात येऊन गेली. डीएपीची गोणी मिळेना, तेलाची पिशवी महागली, संत्र्याचा व्यापारी सौद्याला कचरू लागला, परदेशी शिकणाऱ्या मुलाचे विमान रद्द झाले. प्रत्येक वेळी कारण वेगळे सांगितले गेले, पण त्यामागे पुष्कळदा एकच गोष्ट होती: कुठेतरी दोन देशांत किंवा दोन गटांत पेटले आणि मालाची वाट अडली.

तिकडच्या भांडणाने इकडचा भाव का हलतो, हा प्रश्न मंडळातल्या गप्पांत बरेचदा निघतो. त्याचे उत्तर आपल्या भाषेत, आपल्या मालाच्या हिशेबाने मांडावे म्हणून हा लेख.

आपल्या भागाने हे आधीही पाहिले आहे

सौंसर-पांढुर्ण्याची काळी जमीन जुन्या काळापासून कापूस आणि ज्वारीची. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या दक्षिण अमेरिकन राज्यांच्या कापसावर चालत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गिरण्यांचा कापूस बंद झाला. मग इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, नागपूर, हिंगणघाट या पट्ट्यातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, नवनव्या कंपन्या निघाल्या, शेअरचा सट्टा भडकला.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे दिसताच भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईतल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली ती १८६७ मध्ये, आणि सुएझ कालवा उघडला १७ नोव्हेंबर १८६९ रोजी. म्हणजे आपल्या कापसाला बंदरापर्यंतची आणि विलायतेपर्यंतची जवळची वाट मिळाली, तोवर तेजी ओसरून गेली होती.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दूरच्या युद्धाने भाव चढतो तसा दूरच्या शांततेने तो उतरतोही. दोन्ही वेळा शेतकऱ्याला कोणी विचारलेले नसते.

अरुंद दारे

जगाचा बहुतेक माल आजही जहाजाने जातो. समुद्र अफाट असला तरी जहाजांच्या वाटा मोजक्या, आणि त्या वाटांवर काही अरुंद दारे आहेत. आपल्या देशाच्या दृष्टीने तीन दारे महत्त्वाची.

पहिले होर्मुझची सामुद्रधुनी, इराण आणि ओमान यांच्या मधली. सर्वांत अरुंद जागी ती ४० किलोमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. जग वापरते त्या खनिज तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा या दारातून बाहेर पडतो. कतारचा नैसर्गिक वायू आणि आपल्या सिलिंडरमधला बराचसा एलपीजीही इथूनच येतो.

दुसरे बाब-अल-मंदेब, येमेन आणि आफ्रिकेच्या मधली सुमारे ३० किलोमीटरची खाडी. अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात शिरायचे ते इथून.

तिसरे सुएझ कालवा, इजिप्तमधला १९३ किलोमीटरचा. तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात आणि तिथून युरोपात जायचे ते यातून. दुसरे दार बंद झाले की तिसरे उघडे असूनही उपयोग नसतो, कारण दोन्ही एकाच गल्लीची दोन टोके आहेत.

ही गल्ली बंद पडण्याची वेळ याआधीही आली होती. १९५६ च्या सुएझ संघर्षात कालवा काही महिने बंद होता. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तो बंद झाला, तो थेट ५ जून १९७५ रोजी उघडला. त्यावेळी कालव्यातून जात असलेली चौदा जहाजे मधल्या ग्रेट बिटर सरोवरात अडकली आणि आठ वर्षे तिथेच राहिली. वाळवंटाची वाळू बसून पिवळी पडली म्हणून लोक त्यांना पिवळा ताफा म्हणू लागले. त्यातली दोन जर्मन जहाजे १९७५ मध्ये स्वतःच्या इंजिनावर हॅम्बुर्गला पोचली. माल आठ वर्षे उशिरा!

नोव्हेंबर २०२३ नंतर काय झाले

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचे युद्ध सुरू झाले. येमेनमधल्या हुथी गटाने इस्रायलशी संबंध असलेल्या जहाजांवर हल्ले करू असे जाहीर केले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी गॅलक्सी लीडर हे मोटारी वाहणारे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. हे जहाज तुर्कस्तानहून निघाले होते आणि येत होते आपल्या गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडे. त्यावरच्या २५ खलाशांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडले.

डिसेंबरच्या मध्यावर मार्स्क, एमएससी, हापाग-लॉइड, सीएमए सीजीएम या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबड्या समुद्रातून जहाजे नेणे थांबवले. २३ डिसेंबरला केम प्लुटो या रसायनवाहू जहाजावर थेट अरबी समुद्रात, गुजरात किनाऱ्यापासून काही अंतरावर, ड्रोन आदळला. त्या जहाजावर २१ भारतीय खलाशी होते. सुदैवाने कोणी दगावले नाही, जहाज मुंबईला आणले गेले. मार्च २०२४ मध्ये रुबीमार हे जहाज बुडाले, त्यात सुमारे २१ हजार टन खत होते. त्याच महिन्यात ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी मेले, आणि बाकीच्यांना आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाताने बाहेर काढले.

हल्ला झालेल्या जहाजांची संख्या, रोज समुद्रावर असणाऱ्या जहाजांच्या मानाने, थोडीच होती. तरी सगळी गल्ली ओस पडली. इजिप्तला सुएझ कालव्यातून २०२३ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर मिळाले होते, २०२४ मध्ये ते सुमारे ४ अब्जांवर आले. वाट बंद पडायला प्रत्येक जहाज बुडावे लागत नाही. पुढचे जहाज आपले असेल ही भीती पुरते.

वळसा म्हणजे नेमके काय

तांबडा समुद्र टाळायचा तर युरोपला जायची दुसरी वाट म्हणजे आफ्रिका खंडाला पूर्ण वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून हॉलंडच्या रॉटरडॅमला सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल पडतात. केपमार्गे पडतात सुमारे १०,७००. म्हणजे ४,४०० मैल जास्त. जहाज तासाला १६ मैल गेले तर दिवसाला ३८४ मैल होतात. भागाकार करून पाहा, साडेअकरा दिवस निघतात.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि नागपूर-मुंबईचा प्रवास सोळा तासांवरून आठ तासांवर आला याचा आपल्याला केवढा आनंद झाला! रस्त्यावर आठ तास वाचले आणि समुद्रात अकरा दिवस गेले, असा हा हिशेब आहे.

आता हा वळसा खर्चात चार वाटांनी शिरतो.

पहिली वाट इंधनाची. अकरा दिवस जास्त चालायचे तर अकरा दिवसांचे तेल जास्त. कालव्याचा टोल वाचतो, पण तो वाचून सगळे भरून निघत नाही.

दुसरी वाट जहाजांच्या संख्येची. ही समजायला आपल्या बसचे उदाहरण घेऊ. समजा सौंसर-नागपूर बसची जाऊन-येऊन फेरी चार तासांची आहे आणि दर अर्ध्या तासाला एक बस सोडायची आहे. त्याला आठ बसगाड्या लागतात. वाटेतला पूल बंद पडला आणि फेरी सहा तासांची झाली, तर तेवढ्याच बस सोडायला बारा गाड्या लागतील. नसतील तर थांब्यावर गर्दी होईल आणि ज्याला घाई आहे तो जास्त पैसे देऊन जीपने जाईल. जहाजांचे असेच झाले. दर आठवड्याला एक जहाज सोडणाऱ्या कंपनीला जिथे आठ जहाजे पुरत होती, तिथे दहा-अकरा लागू लागली. जहाज एका रात्रीत बांधून होत नाही. त्यामुळे जागा कमी पडली.

तिसरी वाट रिकाम्या कंटेनरची. कंटेनर म्हणजे आपल्या संत्र्याच्या क्रेटसारखाच. भरून गेला की रिकामा होऊन परत यावा लागतो, तेव्हाच पुढचा माल भरता येतो. परतीला तीन आठवडे जास्त लागले तर माल तयार असूनही कंटेनर नाही अशी वेळ येते. म्हणून जो माल तांबड्या समुद्राजवळूनही जात नाही, त्याचेही भाडे चढते. आपल्या बोरगावात १९९१ पासून रेमंडचा सूटिंग कापडाचा कारखाना आहे. अशा कापडाला लागणारी बारीक लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियाची. ऑस्ट्रेलिया ते मुंबई या वाटेवर येमेन लागत नाही. पण जगभरची जहाजे आणि डबे एकाच साठ्यातले असल्याने एका गल्लीतली टंचाई सगळीकडे पसरते.

चौथी वाट विम्याची. जहाज युद्धाच्या भागातून न्यायचे तर मालकाला त्या फेरीपुरता वेगळा विमा काढावा लागतो. हल्ल्यांआधी हा हप्ता जहाजाच्या किमतीच्या शेकडा एक दशांशापेक्षाही कमी होता. २०२४ च्या सुरुवातीला तो शेकडा पाऊण ते एक टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एक टक्का म्हणजे एका फेरीचे दहा लाख डॉलर. मालक म्हणतो, त्यापेक्षा केपला वळसा बरा.

चारही वाटा एकत्र आल्या की काय होते ते शांघाय-रॉटरडॅमच्या भाड्यात दिसले. चाळीस फुटी कंटेनरला नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस बाराशे डॉलरच्या आसपास लागत होते, जुलै २०२४ मध्ये आठ हजारांच्या वर. आपल्या बंदरांतून जाणाऱ्या मालाचे भाडेही त्याच काळात कित्येक पटींनी वाढले.

कापड तग धरते, फळ धरत नाही

भाडे सगळ्यांचे वाढते, पण ते सगळ्यांना सारखे लागत नाही. इथे आपल्या भागाचा खरा प्रश्न सुरू होतो.

हिशेबासाठी धरू की एका कंटेनरचे भाडे तीन हजार डॉलरने, म्हणजे अडीच लाख रुपयांनी वाढले. त्यात ऐंशी लाखांचे कापड असेल तर किमतीवर तीन टक्के बोजा पडला. दुखेल, पण चालेल. त्याच कंटेनरमध्ये २२ टन संत्रा असेल आणि किलोला ४० रुपये भाव धरला, तर सगळ्या मालाची किंमत नऊ लाखांच्या आत. त्यावर अडीच लाख म्हणजे किलोमागे अकरा रुपये, चौथ्या हिश्श्याहून जास्त. जड आणि स्वस्त माल भाड्यात मरतो.

त्यात फळाला दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे दिवस. आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा. सोलायला सोपा म्हणून जगात नावाजलेला, पण सैल साल म्हणजे प्रवासाला नाजूक. मेणाचा लेप देऊन ६-७ अंश तापमानात ठेवला तर तो साधारण दीड महिना टिकतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने यावर बरेच काम केले आहे. आता दिवस मोजा. तोडणी, निवड, लेप, पॅकिंग आणि बंदरापर्यंतचा प्रवास यात आठवडा. सुएझमार्गे युरोपपर्यंत साडेतीन आठवडे धरले तर दुकानात ठेवायला दोन आठवडे उरतात. केपमार्गे आणखी अकरा-बारा दिवस गेले तर दुकानात उरतात जेमतेम दोन-तीन दिवस. असे फळ कोण घेईल?

हा धक्का नाशिकच्या द्राक्षवाल्यांनी प्रत्यक्ष सोसला. त्यांचा युरोपचा हंगाम जानेवारी ते एप्रिल, आणि हल्ले सुरू झाले नेमके त्याच्या तोंडावर. द्राक्षे शीत कंटेनरमधून रॉटरडॅमला जातात. २०२४ च्या हंगामात प्रवास दीड पटीच्या आसपास गेला, भाडे वाढले आणि माल उशिरा पोचला. निर्यातदाराने ते भाडे कुठून काढले? बागायतदाराला देण्याच्या भावातून. युरोपातला दुकानदार भाव वाढवून देत नाही, कारण त्याला दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली यांची द्राक्षेही मिळतात. जहाज कंपनी भाडे सोडत नाही. मधला निर्यातदार आपले कमिशन वाचवतो. उरतो तो बागेतला माणूस.

आपल्याकडे तर बरेच बगीचे झाडावरच विकले जातात. फळ लहान असतानाच व्यापारी बाग पाहून जातो आणि सौदा करतो. पुढे वाटेत काय होईल याची भीती तो त्या दिवशीच भावातून कापून घेतो. म्हणजे जहाज अडायच्या कितीतरी आधी, बाब-अल-मंदेबचा हप्ता सौंसरच्या बगीच्यात वसूल झालेला असतो.

आपल्या संत्र्याची मोठी परदेशी गिऱ्हाइकी समुद्रापलीकडची नव्हे, तर जमिनीवरून ट्रकने आणि रेल्वेने जाण्याजोगी बांगलादेशची. तिथेही वाट राजकारणाने अरुंद झाली. बांगलादेशने संत्र्यावरचे आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला २० टका होते ते वाढवत २०२३ पर्यंत ८८ टका केले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी तिथले सरकार कोसळले तेव्हा पेट्रापोलसारख्या सीमेवरच्या नाक्यांवर ट्रक अडकून पडले. तो काळ आंबिया बहाराच्या तोडणीच्या जरा आधीचा होता, नाहीतर नुकसान आणखी मोठे झाले असते. एकाच दारावर अवलंबून राहिले की काय होते, हे आपल्याला सुएझपेक्षा बांगलादेशने जास्त जवळून शिकवले.

येणाऱ्या मालाचे काय

वाट जाण्याची तशीच येण्याची. शेतकऱ्याला ती पहिल्यांदा खताच्या दुकानात जाणवते.

डीएपी आणि त्याचा कच्चा माल आपण मोरोक्को, जॉर्डन, सौदी अरेबिया अशा देशांतून आणतो. जॉर्डनचे अकाबा बंदर तांबड्या समुद्राच्या टोकाला आहे, तिथला माल बाब-अल-मंदेबमधूनच बाहेर पडतो. सौदीचा डीएपी रास-अल-खैर बंदरातून निघतो, तो होर्मुझमधून येतो. मोरोक्कोचा माल सुएझने जवळ, केपने लांब. म्हणजे तिन्ही दारांपैकी कुठलेही हलले की डीएपीचे जहाज उशिरा येते. रब्बीच्या पेरणीला दहा दिवस उशीर म्हणजे काय, ते २०२४ च्या हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या सोसायट्यांसमोर रांगेत उभे राहिलेल्यांना विचारावे. १ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डीएपीवर टनामागे ३,५०० रुपयांचे खास अनुदान पुढे चालू ठेवले, ते गोणी १,३५० रुपयांच्या वर जाऊ नये म्हणून. गोणीमागे १७५ रुपये. ते पैसे आपण दुकानात दिले नाहीत, पण सरकारी तिजोरीतून दिलेच.

युरियाचे तसेच. तो देशात बनतो खरा, पण ज्या नैसर्गिक वायूपासून बनतो त्यातला मोठा वाटा आयात आहे, आणि कतार त्यातला सर्वांत मोठा पुरवठादार.

स्वयंपाकघरात हे आधी २०२२ मध्ये दिसले. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काळ्या समुद्रातली बंदरे बंद पडली. आपले सूर्यफूल तेल बहुतांशी तिथूनच येत होते. आपल्या घरी सूर्यफूल वापरत नसलो तरी सोयाबीन आणि शेंगदाण्याचे तेलही चढले, कारण एक तेल मिळेना झाले की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळते.

आकाशातल्या वाटा

आकाश मोकळे दिसते, पण विमानाला प्रत्येक देशाच्या डोक्यावरून जायला त्या देशाची परवानगी लागते. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. त्या काळात एअर इंडियाचे सुमारे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाले, असे सरकारने संसदेत सांगितले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना आकाश बंद केले, भारतानेही काही दिवसांत तसेच केले. मेमध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते. जूनमध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण आणि इराकचे आकाश बंद झाले आणि २३ जूनला कतारनेही काही तासांसाठी आपले आकाश बंद केले. आपल्या नागपूरहून दोहाला विमान जाते. त्या रात्री दोह्यात उतरून पुढे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांची काय तारांबळ उडाली असेल, ते ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सांगायला नको.

पण याचा मालाशी काय संबंध? हवाई मालाचा जवळजवळ अर्धा भाग प्रवासी विमानांच्या पोटात, आपल्या बॅगांच्या शेजारी बसून जातो. प्रवासी विमान रद्द झाले की तो मालही राहिला. विमान रद्द न होता लांबच्या वाटेने गेले तर जास्त इंधन भरावे लागते. विमानाने उचलायच्या वजनाला मर्यादा असते, म्हणून इंधन वाढले की काहीतरी कमी करावे लागते. प्रवासी उतरवता येत नाहीत, त्यांच्या बॅगाही नाहीत. मग माल उतरतो. मुलासाठी जर्मनीला पाठवलेली चकली-अनारशाची पेटी दिवाळीनंतर का पोचते, त्याचे एक कारण हे आहे.

समुद्र आणि आकाश एकमेकांना जोडलेलेही आहेत. समुद्रमार्गे उशीर होतो म्हटल्यावर कपडे, औषधे, यंत्रांचे सुटे भाग असा महागडा माल विमानाकडे पळतो. वजनाने पाहिले तर जगाच्या व्यापारातला एक टक्काही विमानाने जात नाही, पण किमतीने पाहिले तर सुमारे एक तृतीयांश जातो. त्यामुळे समुद्रावरचा थोडासाही माल विमानाकडे वळला की हवाई भाडे उसळते, आणि आपला फळ-भाजीचा माल तिथूनही ढकलला जातो.

आपण काय करू शकतो

युद्ध थांबवणे आपल्या हातात नाही. पण त्याचा बोजा कोणाच्या खांद्यावर पडेल हे बऱ्याच अंशी कागदावर ठरते, आणि तो कागद वाचणे आपल्या हातात आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, तरुण निर्यातदार आणि परदेशी पाठवणी करणारे सभासद यांच्यासाठी काही गोष्टी.

१. सौद्याची अट पाहा. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी तुमची, पुढचे भाडे घेणाऱ्याचे. सीआयएफ म्हणजे भाडे आणि विमा तुमच्या डोक्यावर. सीआयएफचा भाव मोठा दिसतो म्हणून भुलू नका. भाडे वाढले तर वाढ कोण देणार, हे सौद्यात लिहून घ्या.

२. विम्यात काय नाही ते आधी वाचा. माल-विम्याच्या नेहमीच्या कलमांत युद्ध वगळलेले असते, त्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ते घेतले तरी साधारणपणे माल जहाजावर असेपर्यंतच चालते, गोदामात किंवा ट्रकवर नाही. आणि उशिरामुळे झालेले नुकसान जवळजवळ कुठलाच माल-विमा भरून देत नाही. फळवाल्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची ओळ.

३. जहाज वाचवायला खर्च आला तर तो जहाजावरच्या सगळ्या मालाच्या मालकांत वाटला जातो, हा समुद्राचा फार जुना कायदा. तुमच्या कंटेनरला ओरखडा नसला तरी तुमचा हिस्सा भरल्याशिवाय माल सुटत नाही. २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजावरच्या मालकांना याचा अनुभव आला. विमा असेल तर हा हिस्सा विमा कंपनी भरते.

४. एका देशावर आणि एका वाटेवर सगळा बहार लावू नका. आखाती देश जवळ आहेत, प्रवास आठवड्याभराचा. पण तेही होर्मुझच्या आतले आणि बाहेरचे असे दोन प्रकारचे आहेत, हे नकाशात पाहून ठेवा. आणि रस, मुरंबा, सालीचे तेल अशा प्रक्रियेला गेलेल्या फळाला दिवसांची भीती कमी. सगळा माल ताजाच विकायचा हा हट्ट आपल्याला जड जातो.

५. घरच्या पाठवणीला वेळ द्या. दिवाळीचा फराळ, लग्नाची खरेदी, औषधे, कागदपत्रे महिनाभर आधी काढा. परदेशी शिकणाऱ्या मुलांची तिकिटे एकाच बुकिंगवर असू द्या. दोन वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान रद्द झाले तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात.

६. मर्चंट नेव्हीत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांनी भरती करणाऱ्या एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे. जगाच्या जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने आहेत आणि वर लिहिलेल्या हल्ल्यांत ते होते. आंतरराष्ट्रीय कामगार करार लागू असलेल्या जहाजांवर युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क खलाशाला असतो. मुलाच्या करारात तो आहे का, ते विचारा.

शेवटी एवढेच

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला, तरी मोठ्या कंपन्यांची जहाजे लगेच तांबड्या समुद्रात परतली नाहीत. भीती यायला एक दिवस पुरतो, जायला कित्येक महिने लागतात. आणि जाईल तेव्हा वळशात गुंतलेली जहाजे एकदम मोकळी होऊन भाडे उतरेल. १८६५ च्या कापसासारखे तेव्हाही भाव झपाट्याने हलतील. त्या वेळी चढ्या भाड्याचे करार करून बसलेला अडचणीत येऊ नये म्हणून ही उलटी बाजूही लक्षात असू द्या.

२०२३ मध्ये आपला पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून इथल्या संत्र्याला स्वतःची ओळख मिळावी अशी आपल्या सगळ्यांची इच्छा आहे. ती मिळायला हवी. पण फळ परदेशी पाठवायचे स्वप्न पाहताना बगीच्याच्या नकाशाबरोबर समुद्राचा नकाशाही घरात असावा. पुढच्या वेळी बातम्यांत होर्मुझ किंवा बाब-अल-मंदेब ऐकले तर आवाज थोडा वाढवा, आणि व्यापारी सौद्याला आला की त्याला विचारा: माल कुठल्या वाटेने जाणार, भाडे कोण देणार आणि उशीर झाला तर कोण सोसणार? या तीन प्रश्नांची उत्तरे सौद्याआधी मिळाली, तर तिकडच्या युद्धाचा सगळा भार इकडच्या एकट्या बागायतदारावर पडणार नाही.